दुसरा पंखा

“चाळीस दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. कानात कापूस घालायचा, केस धुवायचे नाहीत. नाहीतर गळ्यात वारं शिरतं,” असं तुलियाआत्याने बोट नाचवत बजावलं होतं, तेव्हा युरानिस खुदकन हसली होती. विद्यापीठात जीवाणूशास्त्र शिकलेल्या मुलीला वाऱ्याची भीती कोण घालणार? बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं असताना ती कार्निव्हलच्या रथावर चढून गायली होती. आणि आता त्याच आत्याच्या घराच्या मागच्या खोलीत, माइकसमोर उभी राहून, ती पायातली एक चप्पल हळूच काढत होती. अंगठ्याने ती मागे सरकवत नेली आणि जाडजूड दाराच्या फटीत अडकवली. अंगणातल्या आंब्याला टांगलेली झोळी करकरल्याचा आवाज आत आला, तेव्हा कुठे तिने हेडफोन चढवले. तेही एकाच कानावर.

काचेपलीकडून वाल्बेर्तोने हात वर केला.

“युरा, दार.”

“बंदच आहे.”

“बंद असतं तर शेजारच्या पोपटाने माझ्या गाण्यात शिव्या घातल्या नसत्या.”

“राहू दे की,” त्याच्या शेजारी बसलेली नुर्बिस तळलेल्या कच्च्या केळ्याचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली. “तुझ्यापेक्षा तोच सुरात आहे.”

वाल्बेर्तो हसला नाही. गेले कितीतरी दिवस तो कशालाच हसत नव्हता.

‘सालित्रे’ बँड म्हणजे ही तीन माणसं. वाल्बेर्तो चाली बांधायचा आणि यंत्रं सांभाळायचा, नुर्बिस मागून गायची आणि पुढे येऊन नाचायची, आणि युरानिस गायची. गेल्या वर्षी त्यांचं ‘पंखा इकडे वळव’ हे गाणं बारांकिल्यातल्या प्रत्येक बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात आणि लग्नात वाजलं होतं. मग ते डोंगरापलीकडे राजधानीत, बोगोताला गेलं, तिथून समुद्रापलीकडे. त्या गाण्यात मध्येच युरानिसने उकाड्याने जीव गेल्यासारखी एक लांबलचक किंकाळी फोडली होती. लोक बाकी सगळे शब्द विसरत, पण त्या किंकाळीपाशी सगळा रस्ता तोंड वर करून ओरडे.

आता दुसरा आल्बम. बोगोताच्या कंपनीतल्या साहेबाचं म्हणणं साधं होतं, दुसरा पंखा द्या, किंकाळीसकट. बाकीची गाणी युरानिसने पोट पुढे घेऊन, खुर्चीवर बसून, बाळंत होण्याआधीच गाऊन ठेवली होती. उरलं होतं ते एकच, आल्बमचं मुख्य गाणं. ते तिने स्वतः लिहिलेलं. भिंतीच्या अल्याडपल्याड भांडी घासणाऱ्या दोन शेजारणींचं नाचरं गाणं. सगळी रेकॉर्डिंग्ज उद्या सकाळच्या विमानाने जायची होती. युरानिसचा आवाज आज लागला नाही, तर ते गाणं बोगोतातच कुणी दुसरी मुलगी गाणार होती. साहेबाने मुलगी बघूनही ठेवली होती. आणि मुख्य गाणं जी गाते तीच पुढे रंगमंचावर उभी राहते, हे न सांगताही तिघांना कळत होतं.

“पुन्हा घेऊ,” वाल्बेर्तो म्हणाला. “या वेळी दार खरंच बंद.”

युरानिसने वाकून चप्पल काढून घेतली. दार लागलं. भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्यांनी बाहेरचं सगळं जग एका दमात गिळून टाकलं. झोळी नाही, पोपट नाही, रस्त्यावरचा एवोकॅडोवालाही नाही. हेडफोनमध्ये ठेका सुरू झाला. तिने पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. तिसऱ्या ओळीला तिची नजर काचेतून, वाल्बेर्तोच्या खांद्यावरून, स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथून अंगणाचा एक कोपरा दिसायचा, झोळी दिसायची नाही. सूर खाली घसरला. किंकाळीची जागा आली आणि निघून गेली, तरी ती तोंड उघडं ठेवून तशीच उभी.

“पाणी पिऊन येते,” ती म्हणाली, आणि हेडफोन खुंटीला अडकवण्याआधीच बाहेर पडली.

पाण्याचा माठ डावीकडे होता. ती उजवीकडे गेली. आंब्याखाली तुलियाआत्या बुटक्या स्टुलावर बसून, पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीने झोळी हलवत, परातीत वाटाणे सोलत होती. युरानिसने झोळीचा काठ बाजूला केला. पाच महिन्यांची मायते झोपली होती. ओठ किंचित उघडे, कपाळावर घामाचे मणी. युरानिसने तिच्या छातीवर तळवा ठेवला. वर, खाली. वर, खाली. मग आणखी एकदा.

“जिवंत आहे गं,” मागून नुर्बिस आली. “श्वास घ्यायचं विसरलंय असं पोर अजून तरी जन्माला आलं नाही.”

युरानिसने हात झटकन मागे घेतला. “डास बघत होते.”

“भर दुपारी? शिकलेल्या बायकांचे डाससुद्धा वेगळेच.”

“नुर्बिस, गप,” आत्या म्हणाली. “आणि तू गं, कापूस देऊ का? अजूनही घातलास तर...”

“नको, आत्या.”

आत फोन वाजला. वाल्बेर्तोचा आवाज एकदम मऊ झाला. “हो डॉक्टर. नाही डॉक्टर. आज संध्याकाळपर्यंत, डॉक्टर.” कंपनीतला तो माणूस कसलाच डॉक्टर नव्हता, पण राजधानीतल्या टायवाल्यांना या किनाऱ्यावर तसंच म्हणायचं असतं. वाल्बेर्तो फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आला. चौकटीला टेकून त्याने चष्मा शर्टाला पुसला.

“त्या मुलीला त्यांनी चाल पाठवलीय,” तो म्हणाला. “नुसती ऐकायला म्हणून.”

आत्याच्या हातातली शेंग टचकन फुटली.

“गळा बसलाय का तुझा?” त्याने विचारलं. “खरं सांग. बसला असेल तर सूर उतरवतो. किंकाळी आपण जुन्या गाण्यातली चिकटवू. कुणाला कळणार नाही.”

“गळा ठीक आहे.”

“मग काय ठीक नाही?”

युरानिसने झोळीची दोरी हातात घेतली, तिचा पीळ सोडवला, पुन्हा घातला. “हेडफोन टोचतात,” ती म्हणाली.

ती परत आत जायला वळली आणि तेवढ्यात लाइट गेली. घरातला खरा पंखा दोन-तीन सुस्त चकरा मारून थांबला. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातलं गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं आणि सबंध गल्लीने एकमुखाने वीज मंडळाच्या आईची विचारपूस केली.

“संपलं,” वाल्बेर्तो पायरीवर बसला. “आता सान रोके संताला मेणबत्ती लावा.”

आतल्या खोल्यांमधून उकाडा अंगणात आला, तसे सगळे आंब्याखाली आले. नुर्बिसने एका पातेल्याचं झाकण घेऊन वारा घालायला सुरुवात केली. आधी स्वतःला, मग झोळीला. युरानिस जमिनीवर बसली, पाठ खोडाला लावून, एक हात झोळीत. या वेळी तिने तो काढला नाही. नुर्बिस बघत होती.

“चाळीस दिवस घरात बस म्हटलं तर वाऱ्याला हसलीस,” आत्याचं दळण चालूच होतं. “अगं, माझी सासू तरी वाऱ्याला कुठे भीत होती? भर पावसात नदीवर जायची. पण बाळंतीण दाराबाहेर पडायची नाही म्हटलं, की बाकीच्या बायकांना आत यावंच लागतं. कुणी कोंबडीचं सूप घेऊन येते, कुणी लंगोट धुते, कुणी नुसतीच येऊन नवऱ्याच्या चुगल्या सांगते. घरात कायम कुणीतरी. तू पडलीस बाहेर. मग लोक म्हणाले, वा, ही तर धडधाकट आहे. कोण कशाला येईल?”

युरानिसने मान वळवली. एखादी गोष्ट वर्षानुवर्षं चुकीच्या बाजूने धरली होती आणि आत्ता कुणी सहज फिरवून दिली, तसं तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

तिचा नवरा एदेर नदीवर माल ओढणाऱ्या बोटीवर असायचा. गेला की महिना-महिना परतायचा नाही. आई दुसऱ्या शहरात. फोन यायचे. फोनवर सगळे विचारायचे, बाळ कसं आहे, आणि ती सांगायची, छान. गाणं कसं चाललंय? छान. तू? छान, छान.

“मला वाटतं,” ती म्हणाली. ती थांबली आणि तिने परत सुरुवात केली. “मला वाटतं, मी हात काढला की हिचा श्वास थांबेल. माहितीय मला, तसं नसतं. पुस्तकात वाचलंय. तरी वाटतं.”

नुर्बिसच्या हातातलं झाकण हवेतच राहिलं.

“मग रात्री काय करतेस?”

“बसते.”

“बसते म्हणजे?”

“खुर्चीवर. पाळण्यात हात घालून.”

“रोज?”

नुर्बिसने वाल्बेर्तोकडे पाहिलं, वाल्बेर्तोने आपल्या गुडघ्यांकडे. भिंतीवरच्या पोपटाने कुणाला तरी डुकराची अवलाद म्हटलं.

“अगं मूर्ख बाई,” नुर्बिस शेवटी म्हणाली. तिचा आवाज फुटला होता आणि ते लपवायला ती अजून जोरात बोलली. “मी दोन गल्ल्या सोडून राहते! रात्री मालिका बघत लोळत असते! फोनवर तर मोठी ऐटीत म्हणायचीस, सगळं छान!”

“हळू. उठेल ती.”

“उठू दे! उठली तर मी घेईन. मला काय हात नाहीत?”

मायते उठली नाही. कूस बदलून, सुस्कारा टाकून पुन्हा झोपली. युरानिसने मान खोडाला टेकवली. डोळ्यांच्या कडा तिने खांद्याला पुसल्या, कारण एक हात अजून झोळीत होता.

तुलियाआत्याने परात बाजूला ठेवली. हात झग्याला पुसले आणि टाळी वाजवली. साधीच, सैल, दोन तळव्यांमध्ये हवा धरून. मग पुन्हा.

“आमच्याकडे, मारिया ला बाहा गावात, सान हुआनच्या सणात पोटुश्या बायकांना आणि ओल्या बाळंतिणींना ढोलाकडे फिरकू देत नसत,” ती टाळी न थांबवता म्हणाली. “मग त्या परसात जमायच्या. एक हाक घालायची, बाकीच्या ओ द्यायच्या. हं, तुझं ते भिंतीचं गाणं म्हण. नको ते यंत्र.”

“आत्या, ते तसलं गाणं नाही,” वाल्बेर्तो म्हणाला. “ते नाचायचं आहे.”

“मग मी काय रडायचं म्हणून टाळ्या वाजवतेय?”

युरानिसने बसल्या-बसल्याच म्हटलं, निम्म्या आवाजात, जशी ती घरी पाळण्याशी म्हणायची:

“भिंतीपल्याड भांडं वाजलं, कोण गं तिथं?”

आत्याचा आवाज जुन्या पत्र्यासारखा होता, पण ठेक्यावर नेमका पडला:

“मी गं बाई, मी आहे इथं.”

“भिंतीपल्याड पाणी सांडलं, कोण गं तिथं?”

“मी गं बाई,” आता नुर्बिसही, तोंडात भरलेलं केळं गिळत, “मी आहे इथं.”

तिसऱ्या हाकेला युरानिस उभी राहिली. चौथीला तिचे पाय हलायला लागले. वाल्बेर्तोने परात उलटी करून गुडघ्यांत धरली आणि बोटांनी वाजवायला घेतली. वाटाणे अंगणभर झाले. भिंतीपलीकडून कुणीतरी टाळी धरली. कोण ते दिसत नव्हतं. युरानिसचा आवाज चढत गेला, तरी त्यात किंकाळी कुठेच नव्हती. जिथे किंकाळी यायची तिथे ती नुसती श्वास घ्यायला थांबायची, आणि त्या मोकळ्या जागेत दोघींची ओ येऊन पडायची. पायरी चुकली असं वाटावं आणि पायाखाली जमीन लागावी, तसं.

वाल्बेर्तो वाजवायचा थांबला. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

“लाइट आली की माइक इथे आणतो,” तो म्हणाला. “दोन. दार उघडं ठेवू. पोपट आला तर आला.”

लाइट आली तेव्हा दुपार कलली होती. त्याने स्वयंपाकघरातून, चुलीच्या मागून, वायरी अंगणात ओढल्या. आत्याने माइकसमोर बसायच्या आधी केस विंचरले. कशासाठी, ते तिला विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. दुसऱ्या माइकसमोर नुर्बिस उभी राहिली. मायते आत्याच्या मांडीवर आली. जागी होती, मुठीत आत्याच्या गळ्यातली माळ.

युरानिस खोलीत माइकसमोर उभी राहिली. दार सताड उघडं. हेडफोनमध्ये ठेका, आणि ठेक्याखाली अंगण होतं: पानं, झोळीची दोरी, आत्याचं खाकरणं. तिने हाक घातली. ओ आली. पुन्हा घातली, पुन्हा आली. प्रत्येक ओळीनंतर ती आत्याचा आवाज आधी कानाने आणि मग पोटाने ऐकत होती. आहे. ती आहे, मांडीवर मायते आहे. पुढची ओळ म्हणायला तेवढं पुरत होतं.

गाण्याच्या मध्यावर ओ पातळ झाली. दोन आवाजांतला एक गळाला होता. नुर्बिस गात नव्हती.

युरानिसचा हात हेडफोनकडे गेला. काचेपलीकडे वाल्बेर्तोने मान वर केली, पण थांबवलं नाही. नुसता बघत राहिला. ठेका पुढे चालला होता आणि तिची हाक आली होती.

“भिंतीपल्याड दिवा लागला,” तिने म्हटलं, हात तिथेच, कानापाशी, “कोण गं तिथं?”

“मी गं बाई,” जुना पत्रा वाजला, “मी आहे इथं.”

तिने हात खाली घेतला. पुढची हाक तिने डोळे मिटून घातली. तिच्या पुढची घालताना ती हसत होती, आणि ते हसू आवाजात उतरलं ते तसंच राहिलं.

शेवटचा ठोका विरला. वाल्बेर्तोने अंगठा वर केला नाही की काही नाही. तो खुर्चीत मागे रेलला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून बसला. युरानिस त्याच्या बाजूने, चुलीजवळून, वायरींवरून अंगणात आली.

तुलियाआत्या माइकसमोर डोळे मिटून टाळी धरून बसली होती. मांडी रिकामी होती. झोळीही.

“आत्या. मायते?”

आत्याने डोळे उघडले. “ती? कुरकुरायला लागली तशी नुर्बिस तिला घेऊन कोपऱ्यावर गेली. त्याला निम्मं गाणं झालं की.”

“आणि तुम्ही ओ देत होतात!”

“मग? तू हाका घालत होतीस.”

युरानिस उभीच राहिली. भीती कुठून येते ते तिला आता पाठ होतं, आधी तळपाय, मग पोट, मग गळा. ती वाट बघत राहिली. भिंतीपलीकडे कुणीतरी बादली ओतली. आंब्याचं एक पान परातीत पडलं. काही आलं नाही. आला तो एक मोठा, ओबडधोबड श्वास, आणि त्याच्या मागून हसू. इतकं, की तिला आत्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

“हिला वारं लागलंच शेवटी,” आत्या म्हणाली.

फाटकातून नुर्बिस आली. मायते तिच्या कडेवर, मुठीत चिंचेच्या बर्फाची पिशवी, हनुवटीपासून बेंबीपर्यंत तपकिरी ओघळ. युरानिसच्या डोळ्यांसमोर क्षणभर सूक्ष्मदर्शकाखालचं सगळं गाव वळवळून गेलं. त्या बर्फाचं पाणी कुठलं, ती पिशवी कुणाच्या हातातून आली...

“बोल काय बोलायचं ते,” नुर्बिस म्हणाली. “दुकानदार म्हणाला, एवढंसं चाटून काही होत नाही. आणि आज रात्री मी तुझ्याकडे येतेय. मालिका तिकडेच बघेन. तू आत जाऊन आडवी व्हायचंस, दार लावून. हिचा श्वास मी मोजते, मला काय, दहापर्यंत येतं.”

युरानिसने बाळाची हनुवटी अंगठ्याने पुसली आणि अंगठा स्वतःच चाटला. “जास्त गोड आहे,” एवढंच म्हणाली.

संध्याकाळी चौघांनी मिळून ते ऐकलं, आत्याच्या मांडीवर उकडलेल्या युका कंदाची आणि खारट चीजची ताटली. कडव्यांच्या मध्ये पोपट एकदा स्पष्ट बोलला होता. वाल्बेर्तोने ते काढायला बटणाकडे बोट नेलं आणि मागे घेतलं.

“डॉक्टर विचारणार,” तो म्हणाला, “यात पंखा कुठे आहे.”

“सांग, लाइट गेली होती,” युरानिस म्हणाली.

आणि तो हसला. इतक्या दिवसांनी, दात दिसेपर्यंत.

मग त्याला आठवलं. गाण्याच्या शेवटी, नुसता ठेका चालू असताना, गाणारीने कुणाच्या तरी नावाने सलाम ठोकायचा असतो; त्याशिवाय या किनाऱ्यावर गाणं पुरं झालं असं कुणी मानत नाही. ‘पंखा’मध्ये तिने गल्लीतल्या औषधवाल्याचं नाव घेतलं होतं, आणि तो अजूनही दुकानात टाय लावून बसतो.

“या वेळी डॉक्टरांचं नाव घे,” वाल्बेर्तो म्हणाला. “आणि रेडिओवाल्याचं. निदान एकाचं तरी.”

मायते नुर्बिसच्या खांद्यावर पेंगत होती. युरानिसने तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि आत गेली. ठेका सुरू झाला. तिने कुणाचंच नाव घेतलं नाही. माइकच्या अगदी जवळ जाऊन, गाण्याच्या नव्हे, बोलण्याच्या आवाजात ती म्हणाली:

“नाचताय ना? नाचा, खुशाल नाचा. पण हे संपलं की आवाज जरा कमी करा आणि शेजारी जाऊन या. कुणी नुकतीच बाळंत झाली असेल. ती म्हणेल, सगळं छान आहे. तरी आत जा, खुर्ची ओढून बसा. बाळाला मागाहून बघा. आधी तिला विचारा, तू झोपलीस का गं?”